कोणी पुसलं?

सात टॅब, एकोणतीस पोरं.
एकाची काच तडकलेली. तो मी रोज
न भांडणाऱ्या गटाला देते,
आणि तो गट रोज वेगळा निघतो.

रेंज फक्त फणसाकडच्या खिडकीत.
तिथे चार डोकी एका उजेडावर वाकतात,
जाळ्यातली गाठ सोडवताना
घरची माणसं वाकतात तशी.
एकाने धरायचं, एकाने वाचायचं, एकाने लिहायचं,
चौथ्याने फक्त विचारायचं, "कशावरून?"
घंटा झाली की कामं बदलायची.
हे मी प्रशिक्षणात शिकले, कुडाळला, पंख्याखाली.
चौथं काम कोणालाच नको असतं.
त्यात बोटाला काही लागत नाही.

या महिन्यात भरतीचा तक्ता चाललाय.
एकच शीट, सगळ्यांची.
इथे टाकलेला आकडा तिथल्या टॅबवर उगवतो
आणि पोरं अजूनही मान वळवून बघतात,
हा आला कुठच्या दारातनं.
रकाने चार: वार, भरती, ओहोटी, कोणी पाहिलं.

मंगळवारच्या ओळीत दुर्वा तारीने लिहिलं, आठ पाच.
अ‍ॅप म्हणत होतं, सात वीस.
बुधवारी बघते तर तिचं आठ पाच नाही.
परत लिहिलं.
गुरुवारी परत नाही.

"कोणी पुसल्यान?"
दुर्वाने प्रज्योतकडे बघितलं, प्रज्योतने हीनाकडे,
आणि खिडकीत मागचं सगळं निघालं:
हरवलेला कंपास, कबड्डीतला खोटा गुण,
कुणाच्या काकाने कुणाच्या होडीचा सोडलेला दोर.
मी टेबलावर पट्टी आपटली.

साईम मुजावर, ज्याच्यावर त्या दिवशी
"कशावरून"ची पाळी होती,
कोपऱ्यातलं कुठलंसं बटण दाबून बसलेला.
शीट मागे मागे सरकायला लागली.
प्रत्येक खाडाखोडीला रंग, रंगाशेजारी नाव,
नावाखाली वेळ.
जांभळ्यात: आठ पाच खोडून सात वीस.
रात्री नऊ चाळीस.
नाव, बाई.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी घरी, कणकवलीला, पूर्ण रेंजमध्ये,
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे
चुका सुधारत बसले होते.
दोन्ही रात्री.
मला ती चूक वाटली.
कशावरून?

"बाई, तां मालवणचा पाणी," दुर्वा म्हणाली, खाली बघत.
"आमच्या धक्क्यार मागसून येता."
तिचे वडील तरीची होडी चालवतात.
पाणी उशिरा चढलं की त्या घरात
भाकरी उशिरा भाजते.

शनिवारी दोन गट केले.
एक खाडीच्या तोंडाशी, साईमच्या मामाच्या अंगणापुढे,
एक आत, तरीच्या धक्क्यावर.
बांबूला ऑइलपेंटचे पट्टे,
टॅबला माझ्या फोनचं नेट, तेही खांबावर चढवून.
दहा पस्तीसला तोंडाकडून निरोप उगवला: थांबला.
आमच्या बांबूवर पाणी चढतच होतं.
एक लाल पट्टा गेला.
चौदा पोरं आणि आवाज नाही,
तपासणीला साहेब येतात तेव्हासुद्धा
इतकी शांतता मला मिळालेली नाही.
अकरा वीसला एक काटकी,
जी एवढा वेळ आत आत चाललेली,
उभी राहिली.

प्रज्योत म्हणाला, दोनय आकडे ठेवूया. रकानो वाढवा.
वाढवला.
मग हीनाने विचारलं, वरच्या पुलाकडे किती वाजता?
तिची पाळी नव्हती विचारायची.
त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सोमवारी शीट उघडली.
शनिवारची ओळ, "कोणी पाहिलं" खाली
दुर्वाचा हिरवा रंग:
मी, बाबा, प्रज्योत, हीना आणि बाई.
बाईंची एक चप्पल पाण्याबरोबर वर गेली,
अकरा दहाला.